साक्षीचा पिंजरा आणि ‘हो जी’

दिवाणी दाव्यात आपली माणसे का हरतात, याची उत्तरे आपल्याजवळ तयार असतात. कागद नव्हते, पैसा नव्हता, वकील विरुद्ध बाजूला मिळाला, पाटलाने साक्षीदार फोडला. ही कारणे खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु परतवाड्यात वकिलाच्या हाताखाली कारकुनी करताना, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, मी आणखी एक कारण पाहिले. त्याची चर्चा आपल्या सभांतून होत नाही आणि आपल्या नियतकालिकांतूनही होत नाही, कारण ती करायची तर बोट दुसऱ्याकडे दाखवून भागत नाही.

एका दाव्याची हकीकत सांगतो. प्रतिवादी सत्तरीच्या पुढचा म्हातारा. बाप सालदार, हाही वीस-बावीस वर्षे त्याच घरी सालदार. नाल्याच्या काठावर मातीचे घर, मागे गोठा. मालकाच्या मुलाने दावा लावला की, ही जागा आमच्या शेताचा भाग आहे, सालदार म्हणून राहू दिले होते, आता कब्जा द्या. म्हाताऱ्याच्या पेटीत ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या पावत्या होत्या, नमुना आठचा उतारा होता. लेखी जबाबात लिहिले होते की घर गावठाणात आहे. आणि ते वादीच्या शेतात निघाले तरी बारा वर्षांहून अधिक काळ आमचा उघड आणि स्वतंत्र कब्जा आहे. प्रकरण अगदीच कच्चे नव्हते.

उलटतपासणीला वादीचा वकील उठला. आवाज मऊ, जवळजवळ घरच्यासारखा. वादीच्या वडिलांकडे तुम्ही सालदार होते? हो जी. ते तुम्हाला बरे वागवत? हो जी. अडीनडीला ज्वारी देत? हो जी. तुम्ही त्यांचा शब्द कधी मोडला नाही? नाही जी. त्यांनी राहू दिले म्हणूनच तुम्ही तिथे राहिले, बरोबर ना? हो जी.

बाहेर आल्यावर आमचे वकीलसाहेब चिडले. “असं काऊन सांगतलं, बुवा?” म्हातारा गोंधळून म्हणाला, “मी काई सांगतलंच नाई साहेब. ते इचारत होते, मी हो जी म्हनत होतो.”

त्याचे खरे होते. तो काहीच सांगत नव्हता. वऱ्हाडात ‘हो जी’ म्हणजे ऐकतो आहे, समोर हजर आहे, तुमचा मान राखतो आहे, एवढाच अर्थ पुष्कळदा असतो. परंतु दिवाणी कोर्टात साक्ष सहसा प्रश्नोत्तररूपाने उतरत नाही. न्यायाधीश ती साक्षीदाराच्याच तोंडच्या निवेदनासारखी लिहवून घेतात. त्यामुळे कागदावर आले ते असे: हे म्हणणे खरे आहे की, वादीच्या वडिलांच्या परवानगीने मी दाव्याच्या जागेत राहत आलो आहे. हे वाक्य त्या माणसाने जन्मात कधी उच्चारले नव्हते. ‘परवानगी’ हा शब्दही त्याचा नव्हता. पण खाली अंगठा त्याचा होता. परवानगीचा कब्जा कितीही वर्षांचा असला तरी तो मालकाविरुद्धचा कब्जा होत नाही, हा कायदा. निकालपत्रात ते वाक्य दोन ठिकाणी आले, पावत्यांचा उल्लेख एका ओळीत आटोपला.

या ‘हो जी’ची चर्चा जगात इतरत्र झाली आहे हे मला फार उशिरा कळले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील सर्वोच्च न्यायालयात १९७६ साली न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी अनुंगा या खटल्यात पोलिसांसाठी नियम घालून दिले. आदिवासी माणूस शिष्टाचार म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला हवे ते उत्तर देतो, म्हणून उत्तर सुचवणारे प्रश्न त्याला विचारू नयेत, आणि त्याच्या होकाराला कबुली समजण्याची घाई करू नये, असा त्यांचा आशय होता. पुढे डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये तिथल्या वकिलांसाठी एक पुस्तिकाच लिहिली. ज्याला कबुलीची किंमत नाही अशा त्या होकाराला मराठीत ‘फुकटचा होकार’ म्हणता येईल. तो समोरच्याला फुकट मिळतो. देणाऱ्याला मात्र घर जाईपर्यंत महाग पडतो. मानसशास्त्रज्ञ गुडजॉन्सन यांनी १९८४ मध्ये सूचनेला बळी पडण्याचे मोजमाप तयार केले, त्यात दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. एक, सुचवलेल्या प्रश्नाला माणूस किती वेळा मान तुकवतो. आणि दुसरी, ‘तुझे चुकले, नीट आठवून सांग’ असे दरडावल्यावर तो आपले आधीचे उत्तर किती वेळा बदलतो. आपल्या साक्षीदारांच्या उलटतपासण्या मी आठवतो तेव्हा या दोन्ही गोष्टी एकामागून एक दिसतात. आधी मऊ आवाज, तो पुरला नाही तर चढा आवाज.

ऑस्ट्रेलियातील गोष्ट तशीच्या तशी आपल्याला लागू आहे असे मी म्हणत नाही. तिथे प्रश्न भाषेचा आणि चालीरीतीचा मुख्य आहे. (मेळघाटातून येणाऱ्या कोरकू साक्षीदाराच्या बाबतीत तोही आहेच. तो कोरकूत विचार करतो, तुटक मराठीत बोलतो आणि कागदावर वकिली मराठीत उतरतो.) आपल्या बाबतीत मुळाशी जातीने पिढ्यान्‌पिढ्या दिलेले शिक्षण आहे. मालकाने विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतोच, तो हुकूम असतो. ‘येतो ना रे उद्या?’ याला ‘नाही’ हे उत्तर शक्य होते काय? जोहार गेला, जयभीम आला, मान ताठ झाली. ती रस्त्यावर ताठ झाली, सभेत झाली, कवितेत झाली. पण लाकडी पिंजऱ्यात, काळ्या कोटासमोर, एकटा उभा राहिल्यावर म्हाताऱ्याच्या गळ्यातून जुना आवाज बाहेर पडतो. आपले विद्रोही साहित्य या क्षणापर्यंत फारसे पोहोचले नाही, ही माझी तक्रार आहे.

त्यात भर अशी की न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वागणुकीविषयी टिपण करून ठेवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. खाली घातलेली मान, चाचरणे, हात जोडून उभे राहणे यांचा अर्थ काय लावायचा? ज्या समाजात नजरेला नजर देणे हाच गुन्हा होता तेथील माणसाची झुकलेली नजर खोटेपणाची खूण कशी ठरेल? बाँड आणि डीपाउलो या संशोधकांनी २००६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून दाखवले की, निव्वळ पाहून-ऐकून खरे-खोटे ओळखण्यात माणसे शंभरात सरासरी चोपन्न वेळा बरोबर ठरतात. नाणे उडवले तर पन्नास वेळा ठरतील.

मग साक्षीदाराला तयार करावे काय? हा प्रश्न विचारला की आपल्यातले सज्जन लोक दचकतात, कारण तयारी म्हणजे पढवणे असा समज आहे. ‘तुम्हाला वकिलांनी पढवून आणले आहे’ हा उलटतपासणीतला नेहमीचा शेवटचा वार असतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या मोमोडू खटल्यात अपील न्यायालयाने साक्षीची तालीम करून घेणे निषिद्ध ठरवले, मात्र कोर्टाचे कामकाज कसे चालते याची ओळख करून देणे योग्य मानले. तो निर्णय फौजदारी प्रकरणातला होता; पण त्याने दाखवलेली रेघ आपल्यालाही उपयोगी आहे. काय सांगायचे हे शिकवले तर ते पढवणे. प्रश्न कसा ऐकायचा हे शिकवले तर ती तयारी.

पढवणे अनीतीचे आहे हे खरेच, शिवाय ते मूर्खपणाचे आहे. स्मरण ही पेटीत ठेवलेली पावती नव्हे. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली आणि वेग विचारला. ‘आदळल्या तेव्हा’ असा जोरकस शब्द प्रश्नात घातला तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असा सौम्य शब्द घातला तर सुमारे ३२. फीत तीच होती. एका शब्दाने आठवण बदलते, तर वकिलाच्या खोलीत चार वेळा घोकलेल्या हकिकतीने साक्षीदाराच्या मूळ आठवणीचे काय होत असेल? तो प्रामाणिकपणेच खोटे बोलू लागतो, आणि उलटतपासणीत पाचवी वीट काढली की भिंत पडते.

येथे महाडच्या दाव्याकडे वळणे भाग आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दर वर्षी आठवतो. त्यातून निघालेला दिवाणी दावा आपण जवळजवळ विसरलो आहोत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेची तयारी चालू असताना महाडच्या सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, १९२७ चा दावा क्रमांक ४०५, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादी स्वतः बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. २५ डिसेंबरला जमलेले हजारो लोक तळ्यावर जायला उतावीळ होते. त्यांना थांबवणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करावी. मनुस्मृती जाळली गेली, पण मनाई हुकूम मोडला गेला नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठला. दावा ८ जून १९३१ ला फेटाळला गेला; वादींचे ठाण्याचे अपील ३० जानेवारी १९३३ ला, आणि मुंबई हायकोर्टातील अपील १७ मार्च १९३७ ला. प्रतिवादी म्हणून सव्वानऊ वर्षे.

दाव्याचा गाभा साक्षीदारांच्या आठवणींवरच होता. वादींना सिद्ध करायचे होते की तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे. आता ‘तुम्ही किंवा तुमच्या बापाने तळ्याचे पाणी कधी भरले काय?’ हा प्रश्न आपल्या माणसाला विचारला असता खरे उत्तर काय होते? नाही, हेच. अशा वेळी कच्च्या मनाचा माणूस ‘आम्हीही गुपचूप भरत होतो’ असे साक्षीदारांकडून वदवून घेण्याच्या मोहात पडतो. पण पहिल्या कोर्टाने पाणी न भरण्याची दीर्घकाळची वहिवाट आहे असे मानूनही दावा फेटाळला. एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्याला मालकीहक्क मिळत नाही, हा त्या निकालाचा आधार होता. आमच्या बापजाद्यांना पाणी मिळाले नाही, हे कटू सत्य मान्य करूनही प्रतिवादीचे काही बिघडले नाही.

हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. साक्षीदारांची आठवण फार तर त्यांच्या हयातीपर्यंत, आणि बापाकडून ऐकलेल्या गोष्टीपर्यंत जाते. तिच्यामागचा काळही तसाच असेल असे कोर्टे पुष्कळदा गृहीत धरतात. इथे त्यांनी ते गृहीत धरले नाही. चार-पाच एकरांचे तळे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. ही घरे तळ्याभोवती उभी राहण्यापूर्वी कोणाला कोणी कशासाठी अडवले असते? तेव्हा अनादि रूढी सिद्ध झाली नाही. पुरावा देण्याचे ओझे वादींवर होते आणि ते त्यांना पेलले नाही. प्रतिवादीला इतिहास रचावा लागला नाही. जे आहे ते सांगायचे, जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही’ म्हणायचे, आणि वादीला त्याच्या पुराव्यावर उभे राहू द्यायचे.

सालदार म्हाताऱ्याच्या दाव्यातही ओझे वादीवरच होते. जागा आपल्या शेतात येते हे वादीने मोजणीने सिद्ध करायचे होते. आमच्या बाजूने मात्र ‘जागा तुमची नाही’ आणि ‘तुमची असली तरी कब्जा आमचा’ अशा दोन हकिकती एकदम मांडल्या गेल्या. कायद्यात ते चालते. म्हाताऱ्याच्या मनात ते चालेना. दोन्हींपैकी आपण नेमके काय म्हणतो आहोत हे त्यालाच कळत नव्हते, आणि ज्याला आपली बाजू कळत नाही तो समोरच्याच्या वाक्याला मान हलवतो.

त्या निकालानंतर आम्ही विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसू लागलो. ज्यांचे दावे चालू आहेत अशी पाच-सात माणसे असत. पहिला नियम असा केला की ज्याच्या-त्याच्या दाव्याची हकीकत येथे काढायची नाही. कॉलेजातला एक मुलगा काळा कोट घालून समोर बसे आणि भलतेच प्रश्न विचारी. ‘काल तुम्ही बाजारातून संत्री घेतली ना?’ घेतली नव्हती. पहिल्या रविवारी ऐंशीच्या घरातली एक म्हातारी त्या पोराला पाहून हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, “हो जी.” सारे हसले, तीही हसली. तो पोरगा तिच्या नात्यातला होता, तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते. कोटाने एवढे केले.

त्या तासात शिकवण्यासारखे फार नसते. हो, नाही, माहीत नाही, आठवत नाही, प्रश्न समजला नाही, एवढी पाच उत्तरे तोंडात बसवायची. ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांतला फरक समजावयालाच दोन रविवार जातात. एका प्रश्नात दोन प्रश्न बांधलेले असतात ते सोडवायला शिकणे सर्वांत अवघड. ‘मालक भले होते आणि त्यांनीच जागा दिली’ यातले पहिले खरे, दुसरे खोटे. एकच ‘हो’ दोन्हींना चिकटते. सनाच्या बाबतीत तर आम्ही सांगतो की आकडा ठोकूच नका. आपल्या माणसाचा काळ धम्मदीक्षेच्या सालाने, बहात्तरच्या दुष्काळाने, पोरीच्या लग्नाने मोजलेला असतो. ‘दुष्काळ झाल्यावर दुसऱ्या वर्षी’ हे पक्के असते. दडपणाखाली सांगितलेला सन चुकतो आणि मग सारी साक्षच खोटी ठरवली जाते.

२००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. त्यामुळे एक नवाच पेच झाला आहे. ‘सदरहू मिळकतीच्या चतुःसीमा उपरोक्तप्रमाणे’ असले मराठी वकील लिहितात, साक्षीदार सही करतो, आणि उलटतपासणीत त्याला विचारले जाते, ‘उपरोक्त’ म्हणजे काय? म्हणून प्रतिज्ञापत्र त्याच्या बोलीत त्याला वाचून दाखवावे आणि जे त्याचे नाही ते सहीपूर्वी खोडायला लावावे. साक्ष संपल्यावर वाचून दाखवली जाते तेव्हाही ‘असं मी नाही बोललो’ म्हणण्याची वेळ तीच. आता संगणकाच्या पडद्यावर टंकन होत असते. वाचता येणाऱ्याने पडद्याकडे पाहावे, न येणाऱ्याने वाचून मागावे. अंगठा देण्याची घाई करू नये. कबुली हा अंतिम पुरावा नसतो, तिचा खुलासा करता येतो. त्यासाठी फेरतपासणी असते. आमचे वकील ती क्वचितच घेतात, हे त्यांच्याच बिरादरीत वावरलेला माणूस म्हणून सांगतो.

बायकांच्या साक्षीबद्दल वेगळेच लिहायला हवे. जमिनीच्या दाव्यातही त्यांना चारित्र्यावरून, दुसऱ्या लग्नावरून प्रश्न केले जातात. अश्लील, अपमान करणारे प्रश्न अडवण्याचा अधिकार न्यायाधीशाला १८७२ च्या पुरावा कायद्यातच होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, त्यातही तो आहे. पण हरकत कोणीतरी घेतली पाहिजे, आणि वकिलाच्या आधी ती बाईच्या तोंडून निघाली तर तिचा परिणाम वेगळा होतो, हे मी दोनदा पाहिले.

आणखी एक ‘हो जी’ असतो, तो मुक्याचा. समन्स घेतले नाही की दावा चालत नाही, हा आपल्या वस्त्यांतला जुना भ्रम आहे. समन्स टाळणाऱ्याविरुद्ध एकतर्फी दावा चालतो. घेतले, पण लेखी जबाब दिला नाही किंवा मोघम दिला, तर जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. जबाबाची मुदत तीस दिवस, कोर्टाने वाढवली तर नव्वद. या दिवसांतच गावातले चार जण घरी येतात, ‘कशाला कोर्ट-कचेरी, आपसात मिटवून टाका’ म्हणतात, चहा पितात, आणि मुदत निघून जाते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, हे त्या चौघांपैकी कोणी सांगत नाही. मग तारखा सुरू होतात. एका तारखेला एक मजुरी बुडते. महाडच्या प्रतिवादींच्या मागे चळवळ उभी होती. आपल्या म्हाताऱ्याच्या मागे एस्टीचे तिकीटही नसते. त्याच्याबरोबर तारखेला कोणीतरी जाऊन बाकावर बसणे, एवढ्यानेही पिंजऱ्यातला आवाज बदलतो.

संत्र्याच्या प्रश्नाला ‘हो जी’ म्हणणाऱ्या म्हातारीची साक्ष गेल्या हिवाळ्यात झाली. तिचाही दावा जागेचाच. वकिलाने विचारले, “मालकांनी दया केली, जागा दिली, म्हणून तुमचं घर झालं, खरं ना?” ती गप्प राहिली. वकिलाने पुन्हा, जरा जोरात विचारले. तिने लुगड्याचा पदर नीट केला आणि न्यायाधीशांकडे पाहून म्हणाली, “ह्याच्यात दोन सवाल हायेत जी. एक-एक इचारा.” न्यायाधीशांनी टंकन थांबवायला सांगितले आणि वकिलाला प्रश्न तोडून विचारायला लावला. दयेला ती ‘हो’ म्हणाली. जागेला ‘नाही’ म्हणाली. दोन्ही वेगवेगळे उतरवले गेले. दावा अजून युक्तिवादावर आहे.